बंदूक वगळून उरलेली सतरा वर्षं

मंठ्यात आणि आसपासच्या खेड्यांत फौजेतून सुटून आलेल्या माणसाला मेजर म्हणतात. तो शिपाई म्हणून सुटला की हवालदार म्हणून, याची चौकशी कुणी करत नाही. किताब प्रेमाचाच असतो. पंधरा ऑगस्टला त्याला झेंड्याजवळ पुढं उभं करतात, शाळेत शाल-नारळ मिळतो, आणि खिशात कॅन्टीनचं कार्ड असल्यामुळं पाहुण्यारावळ्यांत त्याचं वजन जरा जास्तच वाढतं. महिना-दोन महिने असे जातात. मग एखादा जिनिंगवाला, बँकेला माणसं पुरवणारा एजन्सीवाला किंवा संस्थाचालक विचारतो, "मेजर, लायसन आहे का तुमच्याकडं? मग या की गेटवर." लायसन म्हणजे बारा बोअरचं. स्वतःची बंदूक असली तर पगार थोडा वाढतो. नसली तर काठी, शिट्टी आणि बारा तासांची पाळी.

विचारणाऱ्याच्या मनात अपमान करण्याचा हेतू नसतो. उलट फौजी म्हणजे भरवशाचा, म्हणून तर तो आधी त्याच्याकडं येतो. पण त्या विचारण्यात एक समजूत दडलेली असते, की फौजेत माणूस बंदूक धरायला शिकतो आणि बाहेर आल्यावर त्याच्याजवळ विकण्यासारखं तेवढंच असतं. मला ही एकच समजूत उलगडून पाहायची आहे. माजी सैनिकांच्या बेकारीबद्दल आपण बोलतो ते सगळं कृतज्ञतेच्या सुरात: देशासाठी झिजले, आता त्यांचं आपण पाहिलं पाहिजे. सूर चुकीचा नाही. पण मालकाला पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि कृतज्ञता वर्षातून दोनदाच दाटून येते, एकदा पंधरा ऑगस्टला आणि एकदा सव्वीस जानेवारीला. नोकरी टिकायची तर मालकाचा त्यात फायदा असला पाहिजे. तो आहे का, एवढंच पाहायचं.

देशात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक निवृत्त होतात. त्यातले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीस या वयाचे असतात. अठरा-एकोणीसच्या वयात भरती झालेला शिपाई पंधरा ते एकोणीस वर्षांत बाहेर पडतो. नाईक, हवालदार आणखी काही वर्षं काढतात. फौज तरुण राहावी म्हणून ही पद्धत आहे आणि फौजेच्या दृष्टीनं ती रास्तही आहे. पण मंठ्याचा एक माणूस सदतिसाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी येतो, तेव्हा त्याचा शाळेतला जोडीदार शिक्षक म्हणून अजून अर्ध्या नोकरीवरही पोचलेला नसतो. मुलगी दहावीत, मुलगा सातवीत, वाटणीला आलेली जमीन चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. पेन्शन आहे म्हणून चूल पेटते. घर मात्र पेन्शनवर उभं राहत नाही.

आता या माणसानं सतरा वर्षं नेमकं काय केलं ते पाहू. बंदूक त्यानं चालवली. रेंजवर ठरलेल्या वेळी फायरिंग केलं, नियंत्रण रेषेवरच्या चौकीत असताना रात्र रात्र ती छातीशी धरून काढली. यातलं काहीच कमी लेखायचं नाही. पण सतरा वर्षांचे तास मोजायला बसलो तर बंदुकीच्या वाट्याला फार थोडे येतात. बाकीचे तास जातात सांभाळण्यात, मोजण्यात, दुरुस्तीत, वाहतुकीत आणि नोंदी ठेवण्यात.

पायदळाच्या एका कंपनीत सव्वाशेच्या आसपास जवान असतात. त्यांचं सगळं सामान एका माणसाच्या नावावर असतं. त्याला कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार म्हणतात. कांबळी, तंबू, बर्फातले बूट, स्टोव्ह, जेरीकॅन, पातेली, रेशन, केरोसीन. एकेक वस्तू लेजरला चढलेली. वस्तू झिजली तर ती फेकून देता येत नाही. बोर्ड बसतो, पाहणी होते, कंडेम झाल्याचा शेरा पडतो, तेव्हाच ती लेजरातून उतरते. हरवली तर चौकशी होते आणि ज्याच्या हलगर्जीपणानं हरवली त्याच्या पगारातून वसुली होते. दोन-तीन वर्षांनी पलटण फील्डमधून पीस स्टेशनला निघाली की दुसरी पलटण येते आणि सुरू होतं ते हँडिंग-टेकिंग. देणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, एकेक नग मोजतात, दोघांच्या सह्या होतात. सही झाल्यावर 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य कुणाला वापरता येत नाही. देणाऱ्याची बदली झाली तरी व्यवहार अडत नाही, कारण सगळं कागदावर असतं.

लडाखच्या बाजूला काम केलेल्याची गोष्ट याहून पुढची. बर्फानं घाट बंद होण्याआधी चौक्यांवर हिवाळ्याचा साठा पोचवावा लागतो. दर डोई दर दिवशी पीठ किती, डाळ किती, केरोसीन किती, त्याला माणसांनी गुणायचं, दिवसांनी गुणायचं, वर नासाडीचा वाटा धरायचा. हिशोब चुकला तर फेब्रुवारीत दुकान सापडत नाही. हे गणित केलेला माणूस आपण मंठ्यात फाटक उघडायला आणि लावायला बसवतो.

ड्रायव्हरचंही तसंच. फौजेतली गाडी सकाळी स्टार्टर मारण्याआधी तपासली जाते. तेल, पाणी, टायरची हवा, ब्रेक, दिवे. याला फर्स्ट परेड म्हणतात. ती झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा पाहणी. किती किलोमीटर, कुठं, कुणाच्या हुकमानं, हे कार डायरीत. ज्यानं हे पंधरा वर्षं रोज केलं त्याला शाळेच्या गाडीवर नेमलं तर पालकांनी समाधानानं झोपावं. पण शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर नेमताना पाहिलं जातं ते एवढंच, की कमी पैशांत कोण येईल.

सिग्नल्सचा माणूस जनरेटर आणि वायरलेस सांभाळून आलेला असतो. ईएमई, म्हणजे फौजेच्या यांत्रिकी शाखेचा माणूस यंत्रं दुरुस्त करून. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून आलेला पंप बसवून, पाण्याचे पॉइंट उभारून, पूल टाकून. मेडिकल कोअरच्या नर्सिंग असिस्टंटनं तर डॉक्टर पोचत नाही अशा चौकीत जखमा बांधलेल्या असतात. या सगळ्या ट्रेडना नागरी ट्रेडची समकक्षता देणारी यादी सरकारकडं आहे. जिनिंगच्या मालकानं ती कधी पाहिलेली नसते आणि पाहावी अशी अपेक्षाही नाही. तो डिस्चार्ज बुक उघडतो, आत रेजिमेंटचं नाव, नंबर, रँक, चारित्र्याचा शेरा. शेरा उत्तम असतो. पण 'या माणसानं अमुक किमतीचा साठा अमुक वर्षं एकही तूट न येता सांभाळला' असं त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या बाजूला मंठ्याकडं पाहा. तालुक्याचं गाव, जालन्यापासून साठेक किलोमीटर. कापूस, सोयाबीन, तूर हा माल. बाजार समिती, जिनिंग, बियाणं-खतांची दुकानं, शाळा-कॉलेजं, दवाखाने, गावागावांच्या पाणीपुरवठा योजना. इथं नवं काही उभं राहत नाही असं नाही. उभं राहतं, उद्घाटन होतं, आणि दोन वर्षांत सांभाळणारा नसल्यानं बसतं. पाणी योजनेची मोटार जळते, कारण व्होल्टेज पाहून बंद करणारा कुणी नसतो. जिनिंगमध्ये हंगामात आग लागते तेव्हा भिंतीवरची लाल नळकांडी रिकामी निघतात. गोदामात जुना माल मागं राहतो आणि नवा आधी जातो, मग जुन्याला कीड लागते. स्टोअरकीपर सोडून गेला की मालकालाही ठाऊक नसतं आपल्याकडं काय काय आहे. चाव्यांचा जुडगा मिळतो, यादी मिळत नाही. आमच्या भागात पैशाची टंचाई आहेच, पण त्याच्या बरोबरीची टंचाई सांभाळणाऱ्या माणसांची आहे, आणि नेमकी तीच माणसं आपण दरवाजाबाहेर खुर्ची टाकून बसवतो.

जालन्याचं तर याहून ठळक. शहराची ओळख सळईचे कारखाने आणि बियाणं ही. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये महिको इथंच सुरू केली, त्यानंतर बियाण्यांच्या कंपन्या वाढत गेल्या. बियाण्याच्या धंद्यात लॉट नंबर, मुदत, गोदामातली ओल आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढणं यावर सगळं अवलंबून. क्वार्टर मास्टरच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला यातलं नवं असं काहीच शिकवावं लागणार नाही. पिकाचं नाव तेवढं शिकवायचं, आणि शेतकऱ्याचा मुलगा असल्यानं तेही त्याला ठाऊक असतं.

मग ही गाठ का पडत नाही? सरकारनं काही केलं नाही, असं म्हणता येत नाही. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या पदांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के. वयाची सवलत आहे. पंधरा वर्षं सेवा झालेला दहावी पास माजी सैनिक, पदवी मागणाऱ्या गट क च्या पदालाही पात्र धरला जातो. कागदावर याहून काय मागायचं? पण २०२१ च्या जूनमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडं ज्या केंद्रीय खात्यांची आकडेवारी होती, तीत गट क मधल्या माजी सैनिकांचं प्रमाण दीड टक्क्याच्याही आत होतं. कारण समजायला कठीण नाही. चाळिशीच्या माणसाला पुण्यात खोली करून तीन वर्षं अभ्यास करणाऱ्या बाविशीतल्या पोराबरोबर एकाच वेळी संगणकासमोर बसवायचं, दोघांना सारखेच प्रश्न घालायचे, आणि किमान गुण पडले नाहीत की 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही' असा शेरा मारायचा. समांतर आरक्षण असल्यामुळं रिकामी राहिलेली जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराला जाते. जागा भरते, फाईल बंद होते, गेलेल्या संधीचा आवाजही होत नाही. परीक्षा जे मोजते ते त्याच्याजवळ थोडं आहे आणि त्याच्याजवळ जे भरपूर आहे ते परीक्षा मोजत नाही.

सरकारी यंत्रणासुद्धा त्या गेटवरच्या समजुतीतून पुरती सुटलेली नाही. राज्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, २००२ मध्ये स्थापन झालं. हजारो घरांना त्याचा आधार झाला, खाजगी एजन्सीपेक्षा तिथं रीतसर पगार मिळतो, हे मान्यच करायला हवं. पण त्याचं मुख्य काम सुरक्षारक्षक पुरवण्याचं. महासंचालनालयाच्या योजनांतही सुरक्षा एजन्सीच ठळक. जी संस्था माजी सैनिकांसाठीच काढली तीही त्याच्याकडं आधी पहारेकरी म्हणून पाहते, तर मंठ्याच्या जिनिंगवाल्याला एकट्याला दोष कसा द्यायचा?

या विषयावर बोलताना राळेगणसिद्धीचं नाव हटकून निघतं. अण्णा हजारे लष्करात ट्रक चालवत होते, १९७५ मध्ये गावी परतले, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मी ते उदाहरण मुद्दाम बाजूला ठेवतो. एखाद्या असामान्य माणसाकडं बोट दाखवलं की हजार सामान्य माणसांसाठी जागा करण्याची जबाबदारी टळते. मला त्यापेक्षा मुरलीकांत पेटकर जवळचे वाटतात. इस्लामपूरचा हा ईएमईचा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात त्यानं भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पदकाची गोष्ट आता सिनेमामुळं घरोघर गेली. मला त्यातली छोटी बाब महत्त्वाची वाटते: पुण्याच्या टेल्कोनं त्यांना नोकरी दिली होती. जायबंदी जवानाला कारखान्यात काम करता येईल, असं त्या काळी कुणाला तरी वाटलं.

मालकांचे आक्षेपही ऐकायला हवेत, कारण ते सगळेच खोटे नाहीत. "फौजी डोक्यानं गरम असतो." काही असतात, बिगर-फौजीही असतात. "त्याला पेन्शन आहे, टिकणार नाही." टिकत नाही तो गेटवर, कारण तिथं शिकायला आणि वाढायला काही नसतं. याच आक्षेपाची दुसरी बाजू अशी, की पेन्शन आहे म्हणजे कमी पगारात भागेल. पेन्शन ही झालेल्या कामाची. आजच्या कामाचा दाम तिच्यातून वळता करून घ्यायचा मालकाला काय अधिकार?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. फौजेत हुकूम स्पष्ट असतो, कोणाचा ऐकायचा हे ठरलेलं असतं. मंठ्यातल्या धंद्यात शेठजी एक सांगतात, त्यांचा मुलगा दुसरं सांगतो, मुनीम तिसरं, आणि कागदावर चौथंच असतं. नवा आलेला फौजी यात गोंधळतो, कधी कधी भर ऑफिसात "हे लिहून द्या" म्हणतो. मालकाला तो उर्मटपणा वाटतो. या ताणात पहिले पाच-सहा महिने जातात आणि बरीचशी नाती तिथंच तुटतात. त्या महिन्यांत दोघांनाही बदलावं लागतं. माणसानं थोडं सैल व्हायचं, मालकानं थोडं लिहून द्यायला शिकायचं. यात जास्त फायदा कुणाचा, हे वर्षअखेरीला स्टॉक मोजताना कळेल.

परदेशात या प्रश्नाला एकदा मोठ्या हातानं उत्तर दिलं गेलं. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठी अमेरिकेनं १९४४ मध्ये कायदा केला आणि त्याखाली ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षण घेतलं. त्यातले २२ लाख कॉलेजात गेले. आपल्याकडं तेवढी तिजोरी नाही. पण त्यातलं तत्त्व घेता येतं: सैनिकाला पुन्हा माणसांत आणायचं तर त्याला आधीच येत असलेल्या कामापुढचं काम शिकवावं.

हे सगळं लवकरच जास्त निकडीचं होणार आहे. पहाटे मंठ्याच्या रस्त्यांवर धावणारी पोरं दिसतात, भरती अकॅडमीतली. त्यातली काही अग्निवीर होतात. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या योजनेप्रमाणं त्यांची सेवा चार वर्षांची. त्यानंतर फार तर २५ टक्के कायम होतील. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीनचं कार्डही नाही. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली, म्हणजे चार वर्षांचा हिशोब २०२७ च्या तोंडावर पुरा होतो. आजवर परत येणारा सदतिशीचा होता, पदरी पेन्शन होती, गेटवर बसून का होईना दिवस काढू शकत होता. आता येणारा बावीस-पंचविशीचा असेल. निधीचे पैसे ट्रॅक्टरच्या डाऊन पेमेंटमध्ये, बहिणीच्या लग्नात किंवा प्लॉटमध्ये गेले की पुढची पस्तीस वर्षं समोर उभी. त्यालाही आपण बारा बोअरचं लायसन विचारणार असू, तर पहाटे धावणाऱ्या पोरांना आधीच सांगून टाकलेलं बरं.

काही व्यवस्था आजही हाताशी आहे. बहुतेक जिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय असतं, जालन्यालाही आहे. माजी सैनिक तिथं नोकरीसाठी नाव नोंदवतात. मालकानं कळवलं तर त्या कामाला योग्य माणसांची नावं मिळू शकतात. जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, माणसं त्याआधी ठरतात. तेव्हा पत्र पोळ्याच्या आतच पाठवा. त्यात 'एक गनमॅन पाहिजे' असं लिहू नका. गोदाम किती मोठं, माल कोणता, गाड्या किती, जनरेटर कुठला, पंप किती अश्वशक्तीचा, ते लिहा. समोर येणाऱ्याला रँक विचारण्याआधी विचारा, "मेजर, पलटणीत तुमच्या चार्जला काय काय होतं?" आणि जे काम द्याल त्याचाच पगार द्या, पेन्शन न धरता.